बुरुजाची डावी बाजू

भवानी पेठेत मुकुंद बोरामणीकरांची दातांची लॅब आहे. दवाखान्यांतून पेशंटच्या जबड्याचे ठसे येतात आणि मुकुंद त्यांवरून कवळ्या बनवून देतात. एकतीस वर्षं हेच काम. लॅब म्हणजे राहत्या घराचीच रस्त्याकडची खोली. मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा आवाज तिथं दिवसभर येत असतो.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुबोध रशियात, चेल्याबिन्स्क शहरात, डॉक्टर व्हायला गेला होता. चौथ्या वर्षाला असताना, जानेवारीत, तो बसला होता ती मिनीबस बर्फावरून घसरून उलटली आणि तो गेला. त्याला घरी आणायला अकरा दिवस लागले.

जुलैत त्याच्या वर्गातली अपेक्षा सुट्टीला आली. ती माढ्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. वडिलांना, आप्पांना, बरोबर घेऊन ती भवानी पेठेत आली आणि होस्टेलवर राहून गेलेलं सुबोधचं सामान तिनं पुढे ठेवलं. एक सूटकेस, थोडी पुस्तकं आणि सुतळीनं बांधलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं.

"काकू, ह्यात रणगाडा आहे," ती अनसूयाबाईंना म्हणाली. "प्लास्टिकचा. सुटे भाग जोडून करायचा असतो. सुबोध करत होता. अर्धाच झालाय."

मुकुंद खिडकीकडे बघत राहिले. तो रणगाडा त्यांनी पाहिला होता. डिसेंबरात व्हिडिओ कॉलवर बोलताना सुबोधच्या टेबलावर हिरवट तुकडे पसरलेले दिसले होते आणि ते म्हणाले होते, "परीक्षा तोंडावर आली आणि तू खेळणी जोडत बसलायस?"  सुबोधनं फोन थोडा वळवला होता, टेबल दिसू नये म्हणून.

"तो ते स्वतःसाठी करत नव्हता," अपेक्षा सांगू लागली. "आमच्या होस्टेलच्या दारावर राखणीला रइसाआजी बसतात. सत्तरी उलटलीय त्यांची. त्यांची आई, क्लावा, युद्धाच्या वेळी सोळा वर्षांची होती आणि तिथल्याच रणगाड्याच्या कारखान्यात कामाला होती. हा जड रणगाडा, आयएस-दोन, त्याचा वरचा बुरूज ओतीव लोखंडाचा असायचा. ओतकाम निघालं की त्याच्यावरचं जास्तीचं लोखंड छिन्नीनं उडवायचं आणि घासायचं, हे त्यांच्या आईचं काम. रइसाआजींकडे आईचा एक फोटो सोडून काही नाही. सुबोध त्यांना म्हणाला होता, मी तुम्हाला तुमच्या आईचा रणगाडा करून देतो."

"मग त्यांनी मागितलाय का?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"नाही. त्यांनी मला एकदाच विचारलं, त्याच्या सामानात तो आहे ना? मी आहे म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली. मी ऑगस्टच्या शेवटी परत जाणार आहे की. तुम्हाला वाटलं तर मी नेऊन देते त्यांना, आहे तसा."

अनसूयाबाईंनी खोकं उचलून मांडीवर घेतलं. "त्याच्या हातचं एवढंच राहिलंय," त्या म्हणाल्या. "हे मी नाही देणार."

 आप्पा लेकीला म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आईचं हाय ते." मग मुकुंदांकडे वळून म्हणाले, "पोरगं आमच्याकडं एकदा आलं हुतं. लई गोड बोलायचं. आमी इसरलो न्हाय."

खोकं सुबोधच्या कपाटात, त्याच्या शर्टांच्या वर गेलं.

अनसूयाबाई जवळच्या शाळेच्या कार्यालयात काम करत. एका दुपारी त्या शाळेत असताना मुकुंदांनी कपाट उघडलं आणि खोकं लॅबमध्ये आणलं. नुसतं बघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

रणगाड्याचं धड जोडून झालेलं होतं. चाकं एका पिशवीत होती, साखळपट्ट्यांच्या कड्या दुसऱ्या पिशवीत. बरेच भाग अजून प्लास्टिकच्या चौकटीलाच चिकटलेले होते. बुरूज वेगळा कापसात गुंडाळला होता. मुकुंदांनी तो दिव्याखाली धरला आणि डोळ्यांवर भिंग चढवलं.

बुरुजाची उजवी बाजू खडबडीत होती. ओतीव लोखंड असतं तशी, बारीक खाचखळग्यांची. डावी बाजू कारखान्यातून आली तशी गुळगुळीत. मधे जिथं काम थांबलं होतं तिथं भरावाच्या पांढरट पुट्टीची एक कड वाळून राहिली होती. खोक्याच्या तळाशी केस अर्धे कापलेला एक टूथब्रश होता.

मुकुंदांनी त्या ब्रशच्या कापलेल्या केसांवरून बोट फिरवलं. कवळीच्या हिरड्या गुळगुळीत राहिल्या तर खोट्या दिसतात. म्हणून कवळी मेणाची असतानाच मेण थोडं मऊ करून त्यावर आखूड केसांचा ब्रश टोचत जायचं, की खऱ्या हिरडीसारखे बारीक ठिपके उमटतात. हे त्यांनी तरुणपणी शिकून घेतलं होतं आणि असेच ब्रश ते कापून वापरत. सुबोध शाळेतून आला की या टेबलाशी उभा राहून बघायचा. त्याला कोणी मुद्दाम शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी कशालाही हात लावला नाही. पण दुसऱ्या दिवशी एका फुटक्या कपाच्या तुकड्यावर त्यांनी पुट्टी लावून पाहिली. पहिल्यांदा ती फार ओली राहिली आणि ब्रशला चिकटून वर आली. मग फार वाळली आणि तडकली. चार दिवस ते रोज दुपारी असे तुकडे करत होते. पाचव्या दिवशी त्यांनी बुरुजाच्या डाव्या बाजूला, अगदी मागच्या कोपऱ्यात, नखाएवढी जागा भरली.

अनसूयाबाईंना ते दोन आठवड्यांनी कळलं. शाळा लवकर सुटली म्हणून त्या दुपारीच घरी आल्या, तर लॅबचं दार आतून लावलेलं. मुकुंदांनी दार उघडलं. टेबलावर बुरूज होता.

त्या रागावतील असं मुकुंदांना वाटलं होतं. त्या उभ्या राहिल्या, मग स्टूल ओढून बसल्या.

"त्याचं कुठं संपतं आणि तुमचं कुठं सुरू होतं, ते दाखवा मला."

मुकुंदांनी सुईच्या टोकानं दाखवलं. अनसूयाबाईंनी भिंग मागून घेतलं आणि स्वतः पाहिलं.

"मी याला खेळणी म्हणालो होतो," मुकुंद म्हणाले. "डिसेंबरात. ते शेवटचं नीट बोलणं आमचं. नंतर नुसतं जेवलास का, थंडी किती आहे, एवढंच."

"मला माहीत आहे. मी मागेच उभी होते."

"मग तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार होते?" अनसूयाबाईंनी भिंग खाली ठेवलं. "दुसऱ्या दिवशी त्यानं मला शाळेत फोन केला होता. रागावलेला नव्हता. विचारत होता, बाबा हिरड्यांवर ब्रश टोचतात तेव्हा मेण किती मऊ असतं. मी म्हटलं, मला काय कळतं त्यातलं, बाबांनाच विचार. तर म्हणाला, परीक्षा झाली की विचारतो."

मुकुंदांनी तोंड फिरवलं.  अनसूयाबाई उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. पण तुम्ही त्याचं नाव निघालं की उठून जात होता."

त्या दिवसापासून दार आतून लागलं नाही. शाळेतून आल्या की अनसूयाबाई लॅबमध्ये बसू लागल्या. माहितीपत्रकातल्या आकृत्या बघून त्या भागांचे नंबर सांगत आणि मुकुंद ते भाग चौकटीपासून कापून घेत. साखळपट्टीच्या एका बाजूला ऐंशीच्या वर कड्या. प्रत्येक कडीवर कापल्याचा एक बारीक उंचवटा राहायचा. तो अनसूयाबाई नखं घासायच्या कानशीनं सपाट करायच्या. कवळ्यांचं काम मागे पडू लागलं. एका दवाखान्यातून दोनदा फोन आला.

चाकं बसवायची वेळ आली तेव्हा एक चूक लक्षात आली. दोन्ही बाजूंना सहा-सहा मोठी चाकं. प्रत्येक चाकाला धडातून बाहेर आलेला एक आखूड दांडा. डावीकडचा तिसरा दांडा सुबोधनं जरा वर चिकटवला होता. रणगाडा टेबलावरच्या सपाट काचेवर ठेवला की ते चाक जमिनीपासून कागदभर उचललेलं राही.

"असू दे," मुकुंद म्हणाले. "पट्टी चढली की दिसणार नाही."

अनसूयाबाईंनी रणगाडा काचेवरून उचलला, परत ठेवला, चाकाखालून वहीचा कागद सरकवून पाहिला. कागद न अडकता पलीकडे गेला.

"तोडून नीट बसवा."

"त्यानं चिकटवलंय ते," मुकुंद म्हणाले. त्यांना वाटलं, हिला कळलं नसेल. "प्लास्टिक वितळून एक झालंय. कापावं लागेल."

"कळतंय मला. त्याला दिसलं असतं तर त्यानं ठेवलं असतं का तसं? गणिताच्या वहीत एक आकडा वाकडा आला तर पान फाडायचा तो. कापा."

मुकुंदांनी कवळ्या घासायच्या मोटरला सर्वांत पातळ चकती लावली.  कापताना त्यांना दोनदा थांबून हात पुसावे लागले. दांडा सुटला तेव्हा अनसूयाबाईंनी तो तळहातावर घेतला आणि मुकुंदांनी जागा साफ करेपर्यंत तसाच धरून ठेवला. नव्यानं बसवल्यावर सगळी चाकं टेकली. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ तिथं उभ्या राहिल्या.

रंगाच्या वेळी मुकुंदांनी मोबाइलवर बरेच व्हिडिओ पाहिले. लोक असल्या रणगाड्यांवर चिखल उडवायचे, गंज चढवायचे, गोळ्यांच्या खुणा कोरायचे, बुरुजावर पांढरे नंबर घालायचे. त्यांनीही गंजाचा रंग कालवून ठेवला. पण अनसूयाबाई सुबोधच्या वह्या चाळत होत्या. औषधशास्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांना त्याच्या अक्षरात चार ओळी सापडल्या. त्यांनी त्या मोठ्यानं वाचल्या.

"नंबर नको. चिखल नको. क्लावाआजीनं रणगाडे पाहिले ते कारखान्याच्या दारापर्यंतच. पुढे त्यांचं काय झालं ते तिला कधी कळलं नाही. म्हणून नवा कोरा."

मुकुंदांनी गंजाचा रंग झाकून बाजूला ठेवला. रणगाडा नुसता गडद हिरवा झाला. साखळपट्ट्यांना लोखंडी करडा रंग दिला. बुरुजाच्या खडबडीवर त्यांनी कोरड्या ब्रशनं अगदी थोडा उजळ हिरवा फिरवला, त्यानं दोन्ही बाजूंचे खाचखळगे उठून दिसले. भिंगाशिवाय कोणाला दोन बाजूंतला फरक कळला नसता. पण दोघांना तो कळत होता.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात अनसूयाबाईंनी स्वतःच अपेक्षाला फोन करून रणगाडा न्यायला बोलावलं. ती आणि आप्पा आले तेव्हा रणगाडा फोमच्या खाचेत बसवून तयार होता. लांब तोफ मुकुंदांनी वेगळी काढून औषधाच्या नळीत घातली होती. ती कशी बसवायची ते त्यांनी अपेक्षाला तीनदा दाखवलं.

"काका, मी हातातच ठेवीन," ती म्हणाली. "सामानात नाही टाकणार."

"मांडीवर घिऊन बसंल ती," आप्पा म्हणाले. "तुमी काळजी करू नगा."

अनसूयाबाईंनी खोक्याला दोरी बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. आत आल्यावर त्यांनी सुबोधच्या कपाटातली ती जागा फडक्यानं पुसली आणि कपाट लावून घेतलं. त्या आठवड्यात मुकुंदांनी राहिलेल्या सगळ्या कवळ्या पूर्ण केल्या. घर पुन्हा गप्प झालं होतं. पण जेवताना आता सुबोधचा विषय निघायचा आणि कोणी उठून जात नसे.

सप्टेंबरातल्या एका रविवारी अपेक्षाचा व्हिडिओ कॉल आला. होस्टेलच्या दारातलं छोटं टेबल दिसलं, त्यावर रणगाडा आणि मागे लोकरी जाकीट घातलेल्या एक ठेंगण्या आजी.  त्यांनी बुरुजावरून अंगठा फिरवला, एकीकडून दुसरीकडे, आणि मग रशियनमध्ये काही म्हणाल्या.

"त्या म्हणतात," अपेक्षानं सांगितलं, "आईच्या हातांना ते लोखंड असं लागत असेल, हे मला आज कळलं."

 मुकुंदांनी हात जोडले. रइसाआजींनीही, कोणीतरी शिकवल्यासारखे, हात जोडले.

मग त्या बोलत राहिल्या आणि अपेक्षा तुकड्या-तुकड्यानं सांगत गेली. सुबोध संध्याकाळी त्यांच्या टेबलाशी चहा प्यायला बसायचा. चौथ्या वर्षी खऱ्या पेशंटशी बोलावं लागतं, म्हणून तो त्यांच्याशी सराव करायचा. त्या कधी गुडघा धरून बसायच्या, कधी पाठ, आणि त्यानं विचारायचं, "ग्द्ये बालित?"

"म्हणजे काय?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"कुठं दुखतंय," अपेक्षा म्हणाली. "तो नेहमी चुकायचा. 'बालित'ला 'बोलित' म्हणायचा. त्या दहादा सुधारायच्या आणि तो दहादा 'बोलित'च म्हणायचा."

ते ऐकून रइसाआजींनी मान वाकडी केली आणि सुबोधच्या सुरात, त्याच्यासारखं घाईघाईनं, म्हणून दाखवलं, "गदे बोलित?"

तो सूर अगदी त्याचा होता. शब्दाच्या शेवटी आवाज किंचित वर नेण्याची त्याची सवय लहानपणापासूनची. अनसूयाबाईंनी पदर तोंडाशी धरला. मुकुंदांनी फोन दोन्ही हातांनी धरून जवळ घेतला.

"अपेक्षा," ते म्हणाले, "त्यांना सांग, पुन्हा एकदा म्हणा."

रइसाआजींनी पुन्हा म्हटलं. नंतर आणखी एकदा. मग त्यांनी अपेक्षाकरवी विचारलं, लहानपणी तो कसा होता? अनसूयाबाई सांगू लागल्या. शाळेतून आला की दप्तर न काढता बाबांच्या टेबलाशी कसा उभा राहायचा, तिथून त्यांनी सुरुवात केली. अर्ध्या तासानं होस्टेलच्या दारात कोणी आलं आणि आजींना उठावं लागलं. पुढच्या रविवारी याच वेळी पुन्हा बोलायचं ठरलं.