सव्वापट

रेडिओ केंद्रात तिला सगळे कानसेन म्हणायचे. हे नाव कौतुकाचं की टिंगलीचं, ते कुणी कधी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. कौतुकाचं धरून ती मोकळी झाली होती. दर बुधवारी दुपारी तीन ते साडेतीन तिचा ‘पहिली हाक’ हा कार्यक्रम लागायचा. ज्यांचं गाणं आजवर कुठल्याच रेडिओवर वाजलेलं नाही, अशांचीच गाणी त्यात. भिंतीला गाद्या टेकवून घरच्या खोलीत गाणारे इंडी पॉपवाले, पंखा, कुलूप, शिलाई मशीन असल्या आवाजांतून इलेक्ट्रॉनिक संगीत उभं करणारे उद्योगी लोक, यांच्यावर तिचा भारी जीव. एखादं नवं नाव सापडलं की बाई तहानभूक विसरायची आणि भेटेल त्याचा कान धरून त्याला ते गाणं ऐकवायची.

पण जीव असला म्हणून वेळ थोडाच असतो? आठवड्याला सव्वादोनशे गाणी यायची. म्हणून तिने स्वतःपुरता एक नियम केला होता: प्रत्येक गाणं सव्वापट वेगाने लावायचं आणि अर्धं मिनिट ऐकायचं. पकडलं तर पूर्ण, नाहीतर पुढचं. तिच्या संगणकावरचा प्लेअर इतका जुनाट की वेग वाढवला की आवाजही वर चढायचा, जाड गळा बारीक व्हायचा. तीन वर्षांत तिचा कान त्याला सरावला होता. शेजारी एक वही असायची आणि तीत प्रत्येक गाण्यापुढे शेरा: ‘झोप’, ‘पाल्हाळ’, ‘ठीक, पण कशाला?’

नाकारलेल्यांना आभाराचं पत्र पाठवायचं काम मौनीकडे होतं. मौनी म्हणजे केंद्राचा ध्वनितंत्रज्ञ, पंचेचाळिशीचा माणूस; दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर त्याला ताप आहे असं समजायचं. स्टुडिओच्या दाराची बिजागरी उघडताना ‘कुईं’ आणि बंद होताना ‘टक’ करायची. तिला तेल घाल म्हणून सगळे त्याच्या कानीकपाळी ओरडायचे. त्यावर त्याचं एकच उत्तर, “बरा आहे तो आवाज.”

त्या मंगळवारी केंद्रप्रमुख साहेबांनी कानसेनला बोलावून घेतलं.

“गेल्या तीन बुधवारांत मिळून अकरा संदेश आलेत,” ते म्हणाले. “त्यातले चार तुमच्या धाकट्या बहिणीचे.”

“तिला खरंच आवडतो हो कार्यक्रम.”

“आवडू दे की. पण उद्याही असंच झालं, तर ती वेळ मी दंतवैद्यांच्या सल्ल्याला देणार. त्यांना लोक फोन तरी करतात.”

दात दुखणाऱ्यांशी स्पर्धा करून आजवर कोण जिंकलंय? कानसेन टेबलाशी येऊन बसली, कानाला हेडफोन लावला आणि एकामागून एक गाणी उडवत सुटली. झोप. पाल्हाळ. झोप.

एकशे सदतिसाव्या गाण्याला ती ताठ बसली.

गाण्याचं नाव होतं ‘काच’. पाठवणारीने स्वतःबद्दल एवढंच लिहिलं होतं: ‘चष्म्याच्या दुकानात काचा घासते.’ सुरुवातीला नुसती एक घरघर, पाण्याखाली काहीतरी घासलं जावं तशी. मग तिच्यातूनच ठेका निघाला आणि त्या ठेक्यावर एक बारीक, चपळ, खट्याळ आवाज असा काही उड्या मारत आला की कानसेनचं पेन हातातून निसटून टेबलाखाली गेलं. अंगावर सरसरून काटा आला. अर्धं मिनिट कधी सरलं कळलं नाही. गाणं संपलं, तिने परत लावलं, मग परत. शेऱ्याला शब्द सुचेना, तेव्हा तीन उद्गारचिन्हांवर भागवलं. दुपारी बहिणीला फोन करून ती म्हणाली, “अगं, सापडली! उद्या सगळी कामं टाक आणि रेडिओ लाव.”

बहीण म्हणाली, “मी लावतेच. बाकीच्यांचं बघ.”

बुधवारी नेमका मौनी रजेवर. त्याच्या सासऱ्यांचं घर हलवायचं होतं. एरवी गाणी तो आपल्या यंत्रावरून नीट लावायचा. त्या दिवशी कानसेनने ती थेट स्वतःच्या संगणकावरून लावली. तीन वाजून चार मिनिटांनी ‘काच’ सुरू झालं आणि तीन वाजून सहा मिनिटांनी पहिला फोन आला. मग दुसरा. मग फोन ठेवायची सोय उरली नाही. कोण ही? कुठली ही? अजून काय गाते? एक ट्रकवाला म्हणाला, गाडी बाजूला घेऊन नाचलो. साडेतीनपर्यंत तीनशे चौदा संदेश, आणि बहिणीचा त्यात फक्त एक.

साहेब स्वतः चालत तिच्या टेबलाशी आले. असं पूर्वी केंद्रात आग लागली तेव्हाच घडलं होतं. “दंतवैद्य थांबतील,” ते म्हणाले. “पुढच्या बुधवारी हेच परत लावा.”

कानसेनचे पाय जमिनीला लागत नव्हते. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. पलीकडे जाड, घोगरा आवाज.

“बोला दादा,” ती उत्साहाने म्हणाली.

“मी दादा नाही. ‘काच’ माझं गाणं आहे.”

“अगं बाई! तुम्ही? पण मग गाण्यात आवाज कुणाचा...”

“तेच विचारायला फोन केलाय मी.”

कानसेनची नजर संगणकाकडे गेली. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आकडा होता: १.२५. तो तिथे कालपासून, खरं तर तीन वर्षांपासून होता. आनंदाच्या भरात बटण मागे घ्यायचं राहिलं होतं.

“शाळेत गाण्याच्या बाईंनी मला मागच्या रांगेत ठेवलं होतं,” ती बाई सांगू लागली. रागावलेली नव्हती, हेच जास्त लागत होतं. “म्हणायच्या, तू नुसते ओठ हलव. नंतर फोनवर सगळे दादाच म्हणतात, ते सोडा. पण हा आवाज मी पहिल्यांदाच बाहेर पाठवला होता. दुकानातल्या सगळ्या जणी रेडिओभोवती जमल्या, आणि वाजलं ते दुसरंच कुणीतरी. वर सगळ्या म्हणतात, किती गोड गायलीस गं! आता मी त्यांना काय सांगू?”

“चूक माझी आहे,” कानसेन म्हणाली. “शंभर टक्के माझी. पुढच्या बुधवारी तुमचं गाणं तुमच्याच आवाजात वाजेल.”

शब्द तर देऊन बसली. साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, तीनशे लोकांना ते पळणारं आवडलंय! तुम्ही रांगणारं लावणार? आणि वर चूक झाली म्हणून दवंडी पिटणार? कानसेन म्हणून मिरवता, लोक हसतील. लावा हवं तर, पण फोन आले नाहीत तर दंतवैद्य आहेतच, मग माझ्याकडे रडत यायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी मौनी आला. तिने त्याला सगळी हकिकत सांगितली आणि मनातली भीतीही बोलून दाखवली: “खऱ्या वेगात ते गाणं वाईटच निघालं, तर?” मौनीने त्याच्या यंत्रावर गाणं चढवलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, “ताई, बसा. आणि काही लिहू नका.”

घरघर आली, पण आता तिच्यात पाण्याचे थेंब वेगवेगळे ऐकू येत होते. घासता घासता काच पातळ होत जाते तसा सूर किंचित चढत होता. हे तर काल कानात शिरलंच नव्हतं. मग आवाज आला. जाड, खोल, कसलीही घाई नसलेला. कालचा आवाज नाचवत होता. हा समोर बसवून घेत होता. दोन ओळींच्या मध्ये ती बाई श्वास घ्यायची आणि त्या श्वासावरच पुढचा ठेका पडायचा. मंगळवारी अंगावर काटा आला होता, आज डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या पाण्यातूनच कानसेन लहान मुलीसारखी टाळ्या पिटायला लागली. “अरे, हे तर त्याहून भारी आहे! कितीतरी भारी आहे!”

बुधवारी तिने आडपडदा न ठेवता माईकवर सांगून टाकलं. “मी घाईत ऐकते. गेल्या वेळी तुम्हालाही घाईत ऐकवलं. जिचं गाणं होतं, तिचा आवाज मी चोरला. आज तो परत करते.” आणि गाणं सुरू झालं.

एकही फोन नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. काचेपलीकडून साहेब घड्याळ दाखवत होते. फोनचे दिवे मेल्यासारखे विझलेले. तीन मिनिटं. कानसेनने फोन बंद तर नाही ना म्हणून उचलून पाहिला. साडेचार मिनिटांचं गाणं संपलं, आणि शेवटचा सूर विरला न विरला तोच सगळे दिवे एकदम पेटले.

“मध्ये फोन कसा करणार?” तोच ट्रकवाला म्हणाला. “ऐकत होतो ना.”

संदेश एकशे नव्वदच आले. पण त्यातला एक शब्दही न गाळता साहेब सगळे वाचत बसले आणि जाताना म्हणाले, “दंतवैद्यांना शुक्रवार देऊ.” काचा घासणाऱ्या बाईचाही फोन आला. “मशीन बंद करून ऐकलं सगळ्यांनी,” ती म्हणाली आणि त्या जाड आवाजात इतकी मोकळी हसली की कानसेनला ते हसणंही रेकॉर्ड करावंसं वाटलं.

फोन ठेवल्यावर मात्र कानसेन वहीकडे बघत राहिली. तीन वर्षं. झोप, पाल्हाळ, झोप. हजारो माणसं, अर्धं अर्धं मिनिट, तेही पळवून. आपण यातलं एकही गाणं ऐकलेलंच नाही, हे तिच्या ध्यानात आलं. लाजेने कान तापले, आणि पाठोपाठ दुसरीच गोष्ट लक्षात आली: म्हणजे हे सगळं अजून ऐकायचं आहे! एवढा मोठा खजिना, आणि तो आपल्याच टेबलावर पडून! तिने बटण एकवर आणलं, वहीचं मधलंच एक पान उघडलं आणि बोट ठेवलं तिथून सुरुवात केली.

तिसरं गाणं दोन वर्षांपूर्वीचं होतं. पाठवणाऱ्याचं नाव ‘कुणीतरी’. तिच्या अक्षरात शेरा: ‘रटाळ. नको.’ गाण्यात शब्द नव्हते. लांबवर पावलं, मग एक चढता सूर, मग थांबणं, मग छोटासा ठोका. पुन्हा तेच, पण आता त्याखाली हळूहळू स्वर साचत गेले, कुणीतरी रोज येतंय आणि रोज जातंय आणि मागे कुणीतरी बसून आहे, असे. तो चढता सूर तिच्या चांगलाच ओळखीचा होता. कुईं. आणि टक.

ती उठली आणि स्टुडिओचं दार ढकललं. कुईं. मौनी वायरी गुंडाळत होता. मागे दार लागलं. टक.

“हे तुझं आहे,” ती म्हणाली.

त्याने मान खाली घालून वायरीचा आणखी एक वेढा घेतला. “आहे.”

“आणि नकाराचं पत्र? ती सगळी पत्रं तर तूच पाठवतोस. मग ते...”

“पाठवलं ना, स्वतःलाच,” मौनी म्हणाला. “पत्रात शुद्धलेखनाची एक चूक होती. ती तेव्हाच सापडली. सुधारली मग.”

कानसेनला हसूही आलं आणि रडूही. तिने वही उघडून तो शेरा खोडला आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

“बुधवारी पहिलं हेच लावायचं. नाव काय सांगू? ‘कुणीतरी’ चालणार नाही, आधीच सांगते.”

मौनीने वायर खाली ठेवली. मग त्याने आपलं नाव सांगितलं, ते गाणं कसं सुचलं ते सांगितलं, घरी अजून बावीस गाणी आहेत तेही सांगितलं. दहा वाक्यं केव्हाच होऊन गेली होती. कानसेन न लिहिता सगळं ऐकत राहिली.