मखरात बसवलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. आणि आधीच सांगते, 'बिच्चारी पाटी' म्हणून च्यक् च्यक् करायचं असेल तर पुढं वाचू नका. ज्यांनी माझी हेळसांड केली त्यांच्यावर माझा राग नाही. माझा राग आहे तो माझी पूजा करणाऱ्यांवर.

डोंगरातून मला फोडून काढलं, घासलं, लाकडाची चौकट ठोकली आणि देवगाव रंगारीच्या बाजारात पोत्यावर मांडलं. तिथून एका शेतकऱ्यानं आपल्या लेकीसाठी, आवडासाठी, मला घेतलं. पोरगी मोठी हट्टी. पेन्सिल लिहायला कमी, खायला जास्त. दुसरी इयत्ता झाली आणि तिच्या आजीनं फर्मान काढलं, "बास झालं आता. ही काय कलेक्टर व्हायची हाय?" शाळा गेली, दप्तर गेलं. मला मात्र तिनं कुणाला हात लावू दिला नाही. लग्नात लुगड्याच्या घडीत लपवून ती मला औरंगाबादेला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, घेऊन आली.

सासरी उघडं पडायला वेळ लागला नाही. "पोरी भांडी घेऊन येतात, हिनं धोंडा आणला," सासू म्हणाली. त्या बाईनं माझ्यावर गरम पातेली ठेवली. चौकटीवर डाग आहे अजून. असू दे. पातेलं उचललं की मी मोकळी होत होते.

आवडाबाई सासूशी भांडली नाही. तिला भांडायला दुसरा कुणी सापडला होता, देव. सकाळचं काम उरकलं की ती भिंतीला टेकायची, मला मांडीवर घ्यायची आणि एकच ओळ लिहायची. 'देवा, सासू आज पुन्हा बोलली. तुला ऐकू येत नसंल म्हणून लिहिते.' 'देवा, माझ्या लेकराचा, राजेंद्राचा ताप उतरव, नायतर दिवा लावणार नाय.' मालक गेले त्या दिवशी तिनं नुसतं 'देवा' लिहिलं आणि पेन्सिल टेकून बसून राहिली. मग ओल्या फडक्यानं ते पुसलं, त्याच फडक्यानं डोळे पुसले आणि आल्यागेल्याचं बघायला उठली.

पुसलं की पोचलं, असा तिचा हिशोब. शिकलेल्या माणसांना हे पटायचं नाही. न पटू द्या. त्यांना कुठं काय पटतं?

शेजारच्या नजमालाही तिनं माझ्यावरच अक्षरं गिरवायला लावली.

"आपा, माझं अक्षर वाकडंच येतंय."

"तू तरी कुठं सरळ हायेस!"

मग गल्लीतल्या आणखी बायका यायला लागल्या. अंगठा सोडून सही करायला लागल्या. तेव्हाचा माझा रुबाब विचारू नका.

पोरगा राजेंद्र मोठा झाला, वाळूजला कंपनीत लागला, त्याला बायको आली, मंजुषा. पोरगी मनानं चांगली. चांगल्या मनाची माणसं लई नुकसान करतात, हे लक्षात ठेवा.

मागच्या दसऱ्याच्या आधी आवडाबाई माहेरी गेली होती. दसऱ्याला पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढतात, झेंडू वाहतात आणि मग पुसून पाटी परत कामाला लावतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मंजुषाला वाटलं, दरवर्षी काढायची आणि पुसायची कशाला? तिनं मला औरंगपुऱ्यात एका पेंटरकडं नेलं. त्या गृहस्थानं माझ्या तोंडावर पांढऱ्या ऑइलपेंटनं सरस्वती काढली, वरून वार्निश फासलं, चौकट सोनेरी केली. मला मखरात बसवलं आणि भोवती लुकलुकणारी माळ सोडली.

आवडाबाई परत आली. मंजुषा हरखून म्हणाली, "बघा आई, आता कायमची झाली!"

आवडाबाईनं हात जोडले. देवीला नाही कसं म्हणायचं? पण त्या दिवसापासून बाईची बोलायची जागाच गेली.

राजेंद्रानं भारीतली डायरी आणून दिली. तिनं एक ओळ लिहिली. दुसऱ्या दिवशी उघडून बघते तर ओळ तिथंच.

"हे तर गेलंच नाय," ती म्हणाली आणि डायरी मिटली ती मिटलीच.

मग बाई अशी तुसडी झाली की काय सांगू! चहा पाणचट, भाजी आळणी, सून आळशी, देव बहिरा. सांजेचा दिवासुद्धा लावीना. मी वरून बघत होते. नाकात उदबत्तीचा धूर, गळ्यात हार आणि तोंड बंद.

अशात नजमाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ती धापा टाकत आली.

"आपा, माझ्यासाठी लिहिलं का?"

"कशावर लिहू? कपाळावर?"

"मला ठाऊक होतं. ये लो." नजमानं पिशवीतून लाकूड घासायचा पालिश पेपर काढला. तिचा नवरा शौकत फर्निचर बनवतो, त्याच्या दुकानातला. "डायरीवर माझा भरोसा नाय."

आवडाबाईनं मला मखरातून उतरवलं, फरशीवर ठेवलं आणि घासायला घेतलं. मंजुषा स्वयंपाकघरातून धावत आली.

"आई! देवी खरवडताय? पाप लागेल!"

"लागू दे. माझं पाप मीच लिहून कळवीन देवाला. त्याला तरी पाटी लागंल का नाय?"

"मी एवढ्या हौसेनं केलं होतं..."

"व्हय, हौसेनंच केलंस. उद्या मला पण हौसेनं भिंतीला टांग. तवर बोलू दे."

मंजुषा रडत आत गेली. मलाही लई दुखलं, खोटं कशाला बोलू? कातडं सोलल्यासारखं. पण काळा दगड उघडा पडला तसा माझा जीव जाग्यावर आला. खरखरीत अंगावर तिनं लिहिलं, 'देवा, नजमाला धक्का लागला तर आपलं बोलणं बंद.' नजमानं ते वाचलं आणि हसता हसता तिला खोकला आला. आवडाबाईनं ओळ पुसली. त्या संध्याकाळी दिवा तिनंच लावला.

नजमा वाचली. लिहिल्यामुळं की डॉक्टरमुळं, ते मला विचारू नका. आवडाबाईला विचाराल तर शिव्या खाल.

यंदाच्या दसऱ्यालाही मंजुषाचा रुसवा गेला नव्हता. आवडाबाईनं मला तिच्या मांडीवर आणून ठेवलं. "काढ सरस्वती. पेन्सिलीनं."

मंजुषानं काढली.

"ही सरस्वती हाय का बुजगावणं?"

"तुम्हीच काढा मग!"

"नको. ऱ्हाऊ दे तशीच."

पूजा झाली. दुसऱ्या दिवशी आवडाबाईनं ओलं फडकंही सुनेच्याच हातात दिलं. मंजुषानं आधी देवीला हात जोडले. मग तिनं देवी पुसली. मी वाळायच्या आत तिनं पेन्सिल उचलली, सासूकडं पाठ फिरवली आणि एक ओळ लिहिली. काय लिहिलं ते मला ठाऊक आहे. सांगणार नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं जुनं कुणीतरी असेल. त्याला हार घालून उंचावर बसवू नका. खाली घ्या, मांडीवर घ्या, झिजवा.