सहीच्या रांगेत

चिगुसाने सीडी छातीशी धरली आणि ती रांगेत आणखी एक पाऊल सरकली. कोटाच्या आत दूध दाटून आलं होतं. बाळ माहेरी, गिफूला, आईजवळ होतं. तिकडे ते रडत असणार, हे तिला नागोयाच्या या दुकानात उभ्या उभ्या कळत होतं.

दुकानात तिच्या नवऱ्याचा, कुनिहिकोचाच आवाज भरून राहिला होता. इतकी वर्षं ढणाढणा वाजवूनही त्यांच्या बँडला कुत्रं विचारत नव्हतं. मग ही प्रेमगीतं आली, आणि देशभरातल्या पोरींना वाटू लागलं, रेन आपल्याच दारात उभा राहून गातोय. रेन हे त्याला रेकॉर्ड कंपनीने दिलेलं नाव. खरं नाव, आडनाव, लग्न, सगळं कुलपात. बायकोने फोन केला की मॅनेजर तोयामा अदबीने सांगायचा, "अशी गाणी गाणाऱ्याला बायको असून चालत नाही. जरा सबुरीने घ्या." मुलगी झाल्याचा निरोप तरी त्याने पोचवला की नाही, देव जाणे.

मुलगी झाली तर नाव मी ठेवणार, असं कुनिहिको म्हणाला होता. नगरपालिकेत नोंद करायची उद्या शेवटची तारीख. पण खरी भीती वेगळीच होती. आपण दोघी त्याला नकोशा झालो असलो तर?

"ताई, पहिल्यांदाच आलात?" मागच्या शाळकरी मुलीने विचारलं. "घाबरू नका. तो सगळ्यांशी गोड बोलतो."

टेबलापाशी कुनिहिकोने मान वर न करताच पेन उचललं.

"कोणाच्या नावाने लिहू?"

"मुलीच्या."

आवाज ऐकून त्याने वर पाहिलं.

"नाव?"

"तेच विचारायला आलेय. उद्या नोंद करायचीय."

त्याच्या मागे उभ्या तोयामाने तिला ओळखलं. तो पुढे झाला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चला, पुढचे या."

कुनिहिकोने मान खाली घातली. आता इतरांसारखीच सही करून मोकळा होणार, असं वाटून चिगुसाने सीडीसाठी हात पुढे केला. पण तो लिहीतच राहिला, सावकाश, एकेक अक्षर. तोयामा दोनदा खाकरला.

दाराबाहेर त्या मुलीने तिला गाठलं आणि सीडीवर डोकावून पाहिलं.

"उरुशिबाता फुमिनो. छान नाव आहे हं. उरुशिबाता हे आडनाव मात्र कधी ऐकलं नव्हतं."

"तिच्या बाबांचं आहे."

"ते नाही आले?"

चिगुसाने कोटाची बटणं लावली.

"कामात आहेत," ती म्हणाली.