रुसलेला फोटो

पिवळा ब्लाउज इस्त्री करून केझाया टॉलिव्हर मैत्रिणीच्या गाडीतून गावी आली, ती आयुष्यातलं पहिलं मत द्यायला. तेही गावात बस आणावी की नको, यावर! गाडी नाही म्हणून लायसन नाही, आणि टेक्ससमधल्या या गावात बस नाही म्हणून पायच तिची गाडी.

चर्चच्या हॉलमध्ये रांग होती. पुढच्या रूएलकाकांनी ओळखपत्र म्हणून पिस्तुलाचा परवाना टेबलावर ठेवला आणि शीळ घालत आत गेले. केझायाने कॉलेजचं कार्ड पुढे केलं. फोटोत हुबेहूब आत्ताचीच ती, बारीक कापलेले केस, कानात चांदीच्या चंद्रकोरी.

"हे चालत नाही, बाळ," टेबलामागच्या बर्डीनबाई म्हणाल्या.

"बाई! शाळाभर तुम्ही मला गाणं शिकवलंत!"

"मी ओळखते गं तुला. कायदा ओळखत नाही."

"पिस्तूल बरं ओळखतो!"

"माझ्यावर कशाला डाफरतेस? तात्पुरतं मत टाक, आणि मग ओळखपत्र घेऊन काउंटीच्या कचेरीत जा, म्हणजे ते मोजतील."

"कशाने जाऊ? बसने?"

रांग खळखळून हसली. बाईही हसल्या. "सातला दार बंद होईल. घरी पासपोर्ट-बिसपोर्ट काही?"

पासपोर्ट! पंधराव्या वर्षी बाईंच्या चर्चमधल्या गायकमंडळाबरोबर जमैकाला गेली, तेव्हा काढलेला. केझाया पळाली. पेकान झाडांखालून, वाळल्या पानांवरून, सावल्या लांबत होत्या त्यांच्याही पुढे. आईच्या शिवणाच्या डब्यातून तो उपसला आणि दार मिटायच्या आत धापा टाकत परतली.

"मुदत संपलीय," बाईंच्या शेजारी बसलेले स्प्राउसआजोबा म्हणाले.

"वसंतातच संपलीय. त्यानंतर चार वर्षांपर्यंत चालतं," बाई म्हणाल्या.

"पण ही कोण?" आजोबांनी फोटो दिव्याखाली धरला. खांद्यांवर लोंबणाऱ्या वेण्या, गुबगुबीत गाल, फुगवलेला ओठ. "ही ती नव्हे, मॅडम."

बाईंनी मात्र शांतपणे चष्मा पुसला.

"केझाया, किंग्स्टनला एकटीने गायचं कडवं कुणी गायलं होतं गं?"

"डेल्फिनने." केझायाच्या कपाळाला आठी पडली. "आणि तेही बेसूर! ते कडवं माझं होतं, बाई. तुम्ही ते तिला..." गाल फुगले, खालचा ओठ पुढे आला.

आजोबांनी फोटो पाहिला, चेहरा पाहिला, परत फोटो पाहिला. "अरे देवा! हीच ती!"

"कडवं डेल्फिनला दिलं, हे फोटोच्या दिवशीच सांगितलं होतं मी तिला," बाई म्हणाल्या. "जा, रुसूबाई. आत जा."

केझाया बाहेर आली तेव्हा मत दिल्याचा गोल कागद छातीवर चिकटवलेला होता आणि आभाळ पीचच्या रंगाचं झालं होतं. रिकाम्या रस्त्यावरून चालताना कडवं आपसूक ओठांवर आलं. तेच, हुकलेलं.

मागे बर्डीनबाई खुर्च्या आवरत होत्या. दारातून त्यांची हाक आली,

"वरचा सूर, केझाया! अजून वर!"

तिने लावला.