गिलाव्याचा काठ

सिमेंट-वाळूचा माल पुन्हा भिंतीवरून सुटला आणि वहिनींच्या पायावर पडला. भिंतीपेक्षा त्यांच्या पायांनाच गिलावा जास्त झाला होता. वाळूच जाड आहे, असं त्या कुरकुरल्या. नाचता येईना अंगण वाकडं, हे मिस्त्रीच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्याने ते गिळलं. कामावरच्या जोडीदाराची बायको, तीही नवऱ्याच्या माघारी पहिल्यांदा हातात थापी धरलेली.

"मनगट सैल सोडा, वहिनी," तो म्हणाला. "भिंतीशी आपलं भांडण नाही."

नवऱ्याने जन्मभर लोकांच्या भिंती गुळगुळीत केल्या आणि स्वतःच्या घरच्या विटा उघड्या ठेवल्या. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्याने आतल्या खोलीची भिंत धरली. अर्धी झाली आणि सिमेंट कमी पडलं. "आलोच, माल झाकून ठेव," म्हणून तो खाली उतरला, आणि जिन्यातच छातीला हात लावून बसला तो उठलाच नाही. वहिनींनी सांगितल्याप्रमाणे मालावर ओलं पोतं टाकलं होतं. घमेल्यात तो तसाच दगड झाला. ते घमेलं अजून पलंगाखाली आहे.

उघड्या विटांची भुकटी अंथरुणावर पडायची. अर्ध्या दिवसात उरकून देतो, असं मिस्त्री म्हणाला होता. वहिनींनी ऐकलं नाही. त्यांचं अर्धं काम मीच पुरं करणार, तुम्ही फक्त शिकवा भाऊजी, एवढंच त्यांचं म्हणणं. सासूबाईंना तर भिंतीला कुणी हात लावलेलाच नको होता. त्यांची नजर गेली होती. रोज सकाळी त्या भिंतीपाशी यायच्या, लेकाने सोडलेला खडबडीत काठ वरपासून खालपर्यंत चाचपायच्या आणि मगच चहा घ्यायच्या. दुपारी खोलीतून गिलावा घासायचा गुरमाळा फिरल्याची खरखर येते, असंही त्या सांगायच्या. वहिनी म्हणायच्या, उंदीर असतील. खरं तर ती खरखर त्यांनाही ऐकू यायची. भीती वाटायची, पण आवाज थांबला की त्याहून वाईट वाटायचं.

हळूहळू हात बसला. वहिनींनी उरलेली भिंत त्या काठापर्यंत आणली, काठाला मात्र धक्का लावला नाही. दोनच दिवसांत नेमकी जोडावर केसाएवढी भेग पडली. त्यांनी आपला भाग खरवडून काढला आणि पुन्हा केला. पुन्हा तिथेच भेग.

"तो घेत नाहीये तुला," सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवशी वहिनी जेवल्या नाहीत.

मिस्त्रीने भेगेवरून बोट फिरवलं. "जुना काठ छिन्नीने कापावा लागतो, वहिनी. तिरका. मग त्याला पाणी पाजायचं, सिमेंटचं दाट पाणी लावायचं आणि वर नवा माल. नुसता टेकवलेला गिलावा धरत नाही."

"त्यांचा शेवटचा हात आहे तो."

"माहीत आहे. म्हणून मी कापणार नाही."

तो गेल्यावर वहिनींनी छिन्नी घेतली. पहिल्या ठोक्याला सासूबाईंनी कान झाकून घेतले आणि त्या भिंत धरत धरत स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. वहिनी रडत होत्या आणि कापत होत्या. पडलेला एकेक तुकडा त्यांनी पलंगाखालच्या घमेल्यात ठेवला. मग पाणी पाजलं, माल चढवला, गुरमाळा फिरवायला घेतला. खोलीत खरखर सुरू झाली, आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंनी लेकाला हाक मारली. पूर्वी तो कामावरून आला की मारायच्या, तशीच.

वहिनींनी दाराकडे पाहिलं. पण ओला माल थांबत नाही. त्यांनी हात चालू ठेवला.

दोन दिवस गेले, तीन गेले. भेग आली नाही. त्या सकाळी सासूबाई भिंतीपाशी आल्या आणि काठ शोधू लागल्या. तळहात इकडून तिकडे गेला, परत आला. "कुठं गेला गं?" तळहात खिडकीच्या बाजूला सरकत गेला आणि एका जागी थांबला.

"हा बघ," सासूबाई म्हणाल्या. "हा त्याचा हात. मला कळतो."

ती जागा वहिनींनी लिंपलेली होती.

"हो," वहिनी म्हणाल्या. मग नवा गिलावा पक्का व्हावा म्हणून त्या डबा भरून भिंतीला पाणी मारू लागल्या. सासूबाईंनी हात काढला नाही, तेव्हा तेवढी जागा त्यांनी कोरडी ठेवली.