कालवांची जागा

वेंगुर्ल्याच्या कोर्टाबाहेर पंधरा वादी झाडाखाली विड्या ओढत उभे होते आणि सोळावी, काशीबाई, पायरीवर एकटीच बसली होती. बायकांत ती एकच. खरं तर वादी तीसुद्धा नव्हती, वादी होता तिचा नवरा बाबली. पण तीन वर्षांमागे बाबली तापाने गेला, आणि दाव्यात मेलेल्याच्या जागी कोणीतरी जिवंत लागतं म्हणून वकिलांनी तिचं नाव वारस म्हणून घातलं. मुलगा गणपत मुंबईला गोदीत होता. तारखेला यायला त्याला रजा कुठली मिळणार?

सहा वर्षं हा दावा चालला होता. अठ्ठावन्न साली तेरवळच्या सड्यावर, गावावरच्या कातळमाळावर, खाण सुरू झाली. कंपनी दगड धुवायची आणि ते धुण्याचं लाल पाणी खुशाल व्हाळात सोडायची. व्हाळ उतरायचा खाडीत. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, पावसाची माती असेल. दुसऱ्या वर्षी भर उन्हाळ्यात पाणी लाल दिसलं तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. मासे खाडीच्या तोंडाशी पळाले, जाळी तांबडी झाली, आणि गाबीतवाड्यातल्या बायकांची कालवं खडपांवर बसल्या जागी मरू लागली. मग सिराजने स्वतःला धरून सोळा जणांना गोळा केलं. सिराजची स्वतःची होडी होती, माणूस तोंडाळ पण सरळ. त्याने बाबलीला नाबर वकिलांच्या पायरीवर नेऊन बसवलं आणि दावा लागला.

आज तडजोड व्हायची होती. तारखा खाऊन खाऊन दोन्ही बाजू दमल्या होत्या. सोळांतल्या नऊ जणांची मुलं खाणीवर कामाला लागली होती, त्यामुळे बापांच्या रागाला आता पहिल्यासारखी धार नव्हती. हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण काशीबाईला ते कळत होतं. कोर्टात येताना सगळे पूर्वी खाणीच्या नावाने बोटं मोडायचे, आता एस.टी.त खिडकीबाहेर बघत बसायचे.

नाबर वकिलांनी सगळ्यांना आत बोलावलं. समोर कंपनीचे वकील. टेबलावर टाइप केलेले कागद. नाबरांनी वाचून दाखवलं : कंपनी गाळ बसायला तळं बांधील, निवळलेलंच पाणी सोडील. खाडीच्या पाण्यात दहा लाख भागांत लोखंड किती भाग आणि मँगनीज किती भाग चालेल, ते आकडे घातलेले. त्यापेक्षा जास्त निघालं तर कंपनीने धुणं बंद करायचं, थेट बंद. वर्षातून दोनदा मुंबईच्या प्रयोगशाळेचा माणूस येऊन पाणी नेईल.

"दहा लाख भाग मोजूक कोण बसतलो?" मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

काशीबाई हसली नाही. ती म्हणाली, "वकीलसायब, पाणी घेवचा ता भरतीक की सुकतीक?"

नाबरांनी कागद पाहिला. त्यात तसं काही नव्हतं.

"सुकतीच्या अखेरीक घेवक सांगा. भरतीक दर्या येता नि सगळा धुवन जाता. तेव्हा खंयचाय पाणी बरांच दिसतला."

कंपनीच्या वकिलांचं तोंड आंबलं, पण नाबरांनी तिथल्या तिथे शाईने ओळ घातली. सिराज मोठ्याने म्हणाला, "बाबलीची बायल शोभता!" आणि पंधराही जणांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच. तिला खूप बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. घरी गेल्यावर हे सांगायला कोणी नाही, हेही लगेच आठवलं.

"आता जागा," नाबर म्हणाले. "खाडी पाच मैलांची आहे. पाणी कुठलं न्यायचं? कागदात एकच जागा घालायला ही मंडळी तयार आहेत."

सिराजने उत्तर तयार ठेवलं होतं. "मासो पळता. कालव खंय पळतला? पाणी घेवचा ता कालवांच्या जाग्यार घेवचा." तो काशीबाईकडे वळला. "सांग गो काशीबाय. आमच्या गावात आता कालवां फक्त तुझ्याच टोपलीत दिसतत. खंय गावतत?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

तेरवळमध्ये बायका एकमेकींना सगळं सांगत. कोणाचा नवरा कोणाला मारतो, कोणाला दिवस गेले, सगळं. कालवांची जागा मात्र कोणी कोणाला सांगत नसे. घोडखडप, खाडीतला मोठा खडक, सगळ्यांचं होतं, तिथे कोणीही जावं. पण प्रत्येक घराची आणखी एक जागा असे, तिवरांच्या आड, चिखलात लपलेली, आणि ती सासू फक्त सुनेला सांगे. काशीबाईला तिच्या सासूने गणपत झाल्यावर नेलं होतं. बांगड्या वाजू नयेत म्हणून पदरात गुंडाळायला लावल्या, गुडघाभर चिखलातून फिरवत नेलं आणि तिवरांच्या मागचा तो काळा खडक दाखवला. वर कालवांचा थरच्या थर. "घोवाकपण सांगू नको," सासू म्हणाली होती. "बायलेची जागा ही."

आणि तिने सांगितली नाही. बाबली जिच्यासाठी कोर्टात गेला, ती जागा त्याने उभ्या जन्मात पाहिली नाही. विचारलीही नाही. तिने टोपली आणली की तो कालवांचं सुकं खाई आणि बोटं चाटत म्हणे, "खंयची असतीत ती असांदेत."

जागा फुटली की काय होतं ते तिने पाहिलं होतं. शेजारच्या सुशीलाने एकदा मायेने भाचीला सांगितलं. पंधरा दिवसांत वाड्यातल्या झाडून सगळ्या बायका कोयत्या घेऊन तिथे. महिनाभराने नुसता खडक उरला, पिल्लंसुद्धा ठेवली नाहीत कोणी.

काशीबाईची जागा मात्र वाचली होती. खाणीकडून येणारा व्हाळ खाडीला घोडखडपाजवळ मिळायचा, तिची जागा त्याच्यापासून लांब, वळणाच्या मागे. लाल पाणी तिथे पोचेपर्यंत पातळ होई. काही कालवं मेली, पण खूप जगली. खाणीवर टोपल्या वाहायला गेलेल्या बायकांनी खाडी केव्हाच सोडली होती. आता सुकतीला चिखलात एकच बाई दिसे. ती जागा तिलाही कोणालातरी द्यायची होती. पण गणपतची बायको एकदाच आली, चार दिवस राहिली, चिखलात पाय घालणार नाही म्हणाली आणि कालवं बघून तोंडाला पदर लावला.

इथे पंधरा वादी, दोन वकील, कारकून, दारात शिपाई. ह्यांच्यासमोर ती जागा बोलायची? कागदावर घालायची, म्हणजे गावभर?

"घोडखडपार," काशीबाई म्हणाली.

सिराजने भुवया उंचावल्या. "घोडखडपार? थंय आता काय रवला?"

"गावतत थोडी."

"काशीबाई, नीट विचार करा," नाबर म्हणाले. "हे एकदा नोंदलं की बदलायला सगळ्यांची संमती लागेल. कंपनीचीसुद्धा."

तिने विचार केला. खाडी एकच. घोडखडपाचं पाणी स्वच्छ राहिलं तर तेच पाणी तिच्या जागेला जाणार. वाकडं काय होणार होतं?

"घोडखडपच घाला," ती म्हणाली, आणि अंगठा उठवला.

दोन वर्षं झकास गेली. कंपनीने तळं बांधलं. मुंबईहून पत्की नावाचे लहानखुरे, चष्मेवाले गृहस्थ बाटल्यांची पेटी घेऊन येत. सिराज त्यांना होडीतून घोडखडपाला नेई, काशीबाई सुकतीची वेळ दाखवायला बरोबर. महिन्याने कागद येई : मर्यादेच्या आत. नाबर वकील तो वाचून दाखवत. काशीबाईच्या जागेवर नवी कालवं धरली, नखाएवढी. ती त्यांना हात लावत नसे. नुसती वाकून बघे आणि परत येई.

तिसऱ्या वर्षी तळं गाळाने भरलं. उपसायचा खटाटोप कोण करणार? कंपनीने तळ्याच्या बाजूने चर खणला आणि पाणी सड्याच्या पलीकडच्या उताराला, दुसऱ्या व्हाळात सोडलं. हा व्हाळ वळणाच्या मागे उतरे. तिवरांच्या मागे. काशीबाईच्या खडकाच्या डोक्यावर.

तिला कळलं ते सुकतीला गेल्यावर. चिखल लाल होता. खडकावर बोटभर लाल साय बसली होती. तिने कोयतीने एक कालव उघडलं, आत पाणी. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. मग ती उघडत गेली, हात कापले तरी थांबली नाही, आणि एकही जिवंत निघालं नाही तेव्हा चिखलात उभी राहून रडली. ओरडून रडली. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून लाजायचंही कारण नव्हतं.

वाड्यात परत आली तर शेजारची बाळाची आई विचारते, "काशी गो, हातांक काय झाला?" ही म्हणाली, "माडाची पात लागली." दुसरं काय सांगणार? हात कशाने कापले ते सांगायचं तर कुठे कापले तेही सांगावं लागलं असतं.

मार्गशीर्षात पत्की आले. सिराजने होडी काढली. घोडखडपाचं पाणी असं नितळ की तळातले शंख दिसत होते. दिसणारच, जुन्या व्हाळात आता खाणीचा थेंब येत नव्हता. पत्कींनी बाटली भरली, चिठ्ठी डकवली आणि म्हणाले, "छान. तुमच्या खाडीला दृष्ट लागेल."

काशीबाईला राहवलं नाही. "सायब, आणि एक बाटली भरतात?"

"कुठली?"

सिराज वल्हं थांबवून तिच्याकडे बघू लागला. पस्तीस वर्षं तिने तोंड बंद ठेवलं होतं. सासूचा शब्द मोडला नव्हता, बाबलीलाही सांगितलं नव्हतं. तिने बोट केलं.

"त्या वळणाच्या मागे. तिवरांत. माझी जागा आसा."

होडी वळणामागे गेली. पुढे चिखल, म्हणून तिघंही उतरून चालले. पत्कींनी विजार गुडघ्यापर्यंत वर घेतली होती. खडकापाशी तिघं थांबले. उघडी पडलेली शिंपली आणि त्यांच्यावर लाल गाळ. पत्की वाकले, पाणी भरलं, बाटली उन्हात धरून बघितली. आतलं काही दिसत नव्हतं.

"बाई, ही मी नेईन. तपासूनही देईन, फुकट," ते म्हणाले. "पण कागदात घोडखडप आहे. ह्या बाटलीचा कोर्टात उपयोग नाही. तुम्ही तेव्हा ही जागा का नाही सांगितलीत?"

ते काही रागावून विचारत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

सिराजला कळलं होतं. तो तेरवळचा, त्याची आईही कालवांना जायची. पण त्याचाही जीव चडफडला. "काशीबाय, तेव्हा सांगलं असतंस तर आज कंपनी बंद पडली असती गो!"

"तेव्हा सांगलं असतंय," काशीबाई म्हणाली, "तर तुमच्या बायलांनी हय कालवां ठेवली असती?"

सिराजने पायाने एक रिकामं शिंपलं उलटलं. माणूस तोंडाळ, पण सरळ.

"नाय," तो म्हणाला.

नाबर वकिलांनी कंपनीला पत्र घातलं. तडजोडीतली जागा बदलण्यास आमची संमती नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. नऊ वादींनीही मान खाली घालून तेच सांगितलं. पोरं कामावर होती.

वकिलांकडून निघताना काशीबाई सिराजला म्हणाली, "आता कोणाकव सांग ती जागा. लपवूक काय रवला नाय."

सिराजने सांगितली. गावात दोन दिवस चर्चा झाली, 'असा होय, थंय जाय काशी!' म्हणून बायकांनी हनुवटीला बोटं लावली.

त्यानंतर पंधरा दिवस काशीबाई रोज सुकतीला तिवरांच्या कडेला जाऊन बसली. जागा फुटली होती, म्हणजे आता बायका यायला हव्या होत्या. टोपल्या घेऊन, कोयत्या घेऊन, बांगड्या वाजवत. सगळी लुटायला आल्या असत्या तरी तिने त्यांना ये गो, बस गो म्हटलं असतं, कुठे पाय टाकायचा ते दाखवलं असतं. भरती चढून पाणी पायाला लागेपर्यंत ती वाट बघे. कोणी आलं नाही.