फ्लेक्सवर परतलेली मुलगी

गोडदेव नाक्यावर संचिताच्या स्वागताचा फ्लेक्स लागला तेव्हा संचिता ढाक्यातच, तिच्या मेडिकल कॉलेजात होती. पण हे भावी नगरसेवक गुणवंतभाऊंना कोण सांगणार! निवडणूक तोंडावर आलेली, आणि माणूस असा उतावळा की बारशाआधीच पाळण्यावर स्वतःचा फोटो लावील. ढाक्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, कर्फ्यू लागला, आपली पोरं परत यायला लागली, एवढं टीव्हीवर बघितलं आणि भाऊंनी छापूनच टाकलं: ‘सुखरूप परतलेल्या आमच्या डॉक्टर कन्येचे हार्दिक स्वागत!’

संचिताची आई प्रभावती दवाखान्यात आया. ड्यूटीवरून येताना तिने तो फ्लेक्स वाचला आणि धावत सुटली. पोरगी दारात बॅगेवर बसली असेल, असंच वाटलं तिला. बघते तर दाराला कुलूप, तिने सकाळी लावलेलं तसंच. चार दिवस पोरीचा फोन नव्हता. एकच वाक्य तिने घोकून ठेवलं होतं: फोन लागला की म्हणायचं, "असशील तशी नीघ."

संध्याकाळी भाऊ ताशा वाजवत, हार घेऊन हजर. "ताई, मॅडम कुठायत?"

"मला काय विचारता? तुम्हीच आणलीत ना?" प्रभावती अशी कडाडली की ताशा आपोआप थांबला.

आणि तेवढ्यात फोन वाजला.

"आई, मी बरी आहे गं."

प्रभावतीला रडूच फुटलं. संचिता मात्र भराभर बोलत होती, लाइन कधी कटेल भरवसा नव्हता. "गेटबाहेर नुसता धूर आहे. माझ्याएवढी पोरं रिक्षातून आणतायत, कुणाच्या डोळ्यात छर्रे, कुणाच्या पायात. एकजण माझी ओढणी सोडेचना, तसेच टाके घातले. आपली मुलं उद्या बसने बॉर्डरला निघतायत, मलाही सीट आहे. पण मग वॉर्डात दोघंच उरतात. तू सांग, येऊ का?"

"या म्हणावं!" भाऊ कानाशी येऊन म्हणाले. "कार्यक्रम परवावर ढकलतो मी."

घोकलेलं वाक्य अगदी ओठांवर होतं. पण बावीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई ती. पाळीला एक माणूस कमी पडलं की काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. फोनमध्ये मागून कुणीतरी सारखं ओरडत होतं, "आपा! डॉक्टर आपा!"

"जेवलीस का?"

"खिचडी खाल्ली."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस? तुलाच हाका मारतायत ना? पळ."

आणि फोन तिनेच ठेवला. मग मात्र ती उंबऱ्यावर मटकन बसली. शेजारची चंपाबेन पाणी घेऊन धावली. "प्रभाबेन, बेटी कब आएगी?"

प्रभावतीने डोळे पुसले, भाऊंकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ड्यूटी खतम होगी तब."